सहावीच्या पटावरची नावं

आमच्या निपाणी-चिक्कोडी भागात दहावीच्या निकालाइतकीच नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या निवड यादीची वाट बघतात. यादी लागली की दोन दिवसांत गावाच्या वेशीवर डिजिटल बोर्ड चढतो. पाचवीतल्या पोराचा पासपोर्ट फोटो ताणून मोठा केलेला, वर गावच्या पुढाऱ्यांचे चेहरे, खाली ‘शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ व मित्रमंडळ’. पोर मराठी शाळेतलं असेल तर गुरुजींचा आनंद विचारूच नका. सीमाभागातली मराठी शाळा दरवर्षी पटसंख्येसाठी झगडते. असा एक बोर्ड लागला की पुढच्या वर्षी पहिलीत चार पोरं जास्त येतात.

मी याच पट्ट्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवते. आमच्याकडं कर्नाटकात गावची प्राथमिक शाळा साधारण सातवीपर्यंत असते आणि आठवीपासून हायस्कूल. त्यामुळं निवड झालेली पोरं माझ्या वर्गात येत नाहीत. येतात ती परत आलेली. सहावीत वाजतगाजत गेलेली आणि आठवीनंतर, नववीनंतर ट्रंक घेऊन घरी आलेली. त्यांच्याबद्दल मला लिहायचंय, कारण ती किती आहेत, का आली, हे कुठल्याच अहवालात मला वाचायला मिळालेलं नाही.

लिहायला निमित्त झालं ते एका नियमाचं. १६ डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बदल केला. केंद्राच्या अखत्यारीतल्या शाळांत, म्हणजे केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं, सैनिक शाळा अशा तीन हजारांहून जास्त शाळांत, पाचवी आणि आठवीला आता नापास करता येतं. वर्षाच्या शेवटी परीक्षा. नापास झाला तर जादा शिकवणी आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा. तिथंही नापास झाला तर त्याच वर्गात पुन्हा एक वर्ष. नवोदय सहावीपासून सुरू होतं, त्यामुळं तिथं हा नियम लागतो तो आठवीला. मूळ २००९ च्या कायद्यात आठवीपर्यंत कुणालाच मागं ठेवता येत नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनं ते दार उघडलं आणि २०२४ च्या नियमानं केंद्राच्या शाळा त्या दारातून आत गेल्या.

बातमी आली त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये बऱ्याच जणांना बरं वाटलं. “आता तरी पोरं पुस्तक उघडतील,” असं एका सरांनी म्हटलं आणि माना हलल्या. पालकांचंही तेच. एका विद्यार्थ्याचे आजोबा मला म्हणाले, “बाई, आमच्या वेळंला सातवीला बोर्डाची परीक्षा हुती. नापास झालं की नापास. भ्या पायजेच की हो.”

त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. वर ढकलत आणलेली पोरं शेवटी आमच्याच पुढ्यात येऊन बसतात. आठवीच्या वर्गात दरवर्षी अशी काही पोरं असतात ज्यांना ७३२ ला ६ नं भागता येत नाही. त्यांना मी बीजगणित शिकवायचं. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या कैक वर्षं सांगतायत की ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा नीट वाचता येत नाही. ज्या कायद्यानं नापास करणं थांबवलं, त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात सतत सर्वंकष मूल्यमापन सांगितलं होतं. वर्षभर मुलाला काय येतंय, काय नाही, ते बघत राहायचं आणि तिथल्या तिथं सावरायचं. प्रत्यक्षात झालं असं की नापास न करणं तेवढं सगळ्यांनी उचललं आणि मूल्यमापन म्हणजे मार्च अखेरीला एका बैठकीत भरायचे तक्ते झाले. न शिकवता वर पाठवणं ही मुलाची फसवणूकच आहे. त्याला ती कळते सुद्धा. आठवीतलं पोरगं फळ्यासमोर उभं राहिलं की त्याच्या मानेवरूनच दिसतं.

पण गावची शाळा आणि निवडक शाळा यांना एकच माप लावायला माझा विरोध आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढत चाललाय.

गावची शाळा येईल त्याला घेते. पाच मैलांवरच्या ऊसतोड टोळीतलं पोर असो, मधेच बदलून आलेलं असो, घरात कन्नड बोलणारं असो, उर्दू बोलणारं असो. तिला निवड करायचा अधिकार नाही. नवोदय निवडून घेतं. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. आमच्या जिल्ह्याची शाळा चिक्कोडी तालुक्यात कोथळीला आहे. आमच्याकडच्या पोरांना इतर निवडक शाळाही आहेत: मोरारजी देसाई निवासी शाळा, आदर्श विद्यालय, कित्तूरची मुलींची सैनिक शाळा. सगळीकडं सहावीला प्रवेश परीक्षा. खरं तर प्राथमिक वयात प्रवेशासाठी मुलाची चाळणी करू नये असंही शिक्षण हक्क कायदाच म्हणतो. या शाळांची चाळणी मात्र चालूच आहे. ती का चालू आहे याला कारणं आहेत, आणि मी ती मान्य करते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात या शाळांची कल्पना आली ती खेड्यातल्या हुशार पोराला घरच्या गरिबीमुळं अडकून पडावं लागू नये म्हणून. पहिल्या दोन शाळा निघाल्या हरियाणात झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारचं. तंबाखूच्या वखारीत पोती उचलणाऱ्या माणसाचं पोर तिथं जाऊन डॉक्टर झालेलं मी बघितलंय. या शाळा हव्यात.

पण ज्या शाळेनं हजारो मुलांमधून ८० निवडली, तिनं तीनच वर्षांनी त्यातल्या एकाला ‘हा आमच्या लायकीचा नाही’ म्हणायचं, याचा अर्थ काय लावायचा? एक तर तुमची निवड चुकली, नाहीतर तुमचं शिकवणं कमी पडलं. तिसरीही एक शक्यता असते, मुलाच्या घरी काहीतरी विस्कटलेलं असतं. यातल्या कुठल्याही कारणाची शिक्षा तेरा वर्षांच्या पोरानं एक वर्ष भरून द्यायची, हे मला पटत नाही.

एका मुलाबद्दल सांगते. नाव-गाव सांगत नाही, ओळखू येईल असं काही लिहीत नाही. एका निवडक निवासी शाळेतून आठवी करून तो माझ्याकडं नववीत आला. वडील वखारीत हमाली करतात, आई घरी विड्या वळते. पहिल्या आठवड्यात मी त्याला वीस समीकरणं सोडवायला दिली. सतरा बरोबर आली, ती सुद्धा वर्गात सगळ्यांत आधी. मला कळेना, हे पोरगं कच्चं कुणी ठरवलं? मग मी एक शाब्दिक उदाहरण घातलं. एका टाकीचा ३/४ भाग पाण्यानं भरलाय. त्यातलं ६० लिटर पाणी काढल्यावर टाकी निम्मी भरलेली राहते. तर टाकीत एकूण किती पाणी मावतं?

मी वाक्य संपवलं आणि त्यानं उत्तर लिहून वही पुढं केली. ४५ लिटर. ३/४ गुणिले ६०.

“वाच बघू मोठ्यानं,” म्हटलं. त्यानं घडाघडा वाचलं. उच्चार स्वच्छ, कुठं अडखळला नाही. “आता टाकीचं चित्र काढ.” त्यानं माझ्याकडं बघितलं, मी चेष्टा करतेय की काय असं. मग चौकोन काढला. पाऊण भागावर रेघ मारली, निम्म्यावर दुसरी रेघ मारली, आणि पेन्सिल त्या दोन रेघांच्या मधल्या पट्टीवर थांबली. बराच वेळ थांबली. मग तो म्हणाला, “बाई, हे मधलं म्हणजे साठ. असले चार बसतात. दोनशे चाळीस.”

त्याला येत होतं. त्याला थांबायची सवय नव्हती. ही सवय कुठं गेली ते मी नंतर त्याच्याशी बोलून शोधलं. नवोदयची निवड परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यातले ४० बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. आमच्या भागात त्याचे क्लास चौथीपासून सुरू होतात आणि त्यात शिकवतात काय, तर शब्द धरायचे. ‘भाग’ दिसला की गुणा, ‘उरले’ दिसलं की वजा करा, बाकीचं वाचत बसू नका. या पोरानं ते इमानेइतबारे आत्मसात केलं आणि त्याच्या जोरावर निवडक शाळेत निवडला गेला. सहावीपासून गणित वेगळं होत गेलं. तिथं थांबून विचार करणाऱ्याचं काम होतं, आणि याला दहाव्या वर्षापासून कुणी थांबू दिलं नव्हतं. ज्या घाईनं त्याला आत घेतलं त्याच घाईनं त्याला बाहेर काढलं.

शिवाय भाषेची चढण. निवड परीक्षा मराठीतूनही देता येते. नवोदयमध्ये सुरुवातीची दोन-तीन वर्षं प्रादेशिक भाषेतून शिकवायचं, पुढं गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि समाजशास्त्र हिंदीतून, अशी रचना आहे. कर्नाटकात प्रादेशिक भाषा म्हणजे कन्नड. आमचं मराठी शाळेतलं पोर दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकलेलं असतं, वाचता येतं, बोलताही येतं, पण विज्ञानाचा धडा त्यातून समजून घ्यायचा म्हणजे वेगळीच गोष्ट. ते सावरेपर्यंत इंग्रजी येऊन उभी राहते. बरीच पोरं हे पेलतात. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण ज्याला एक वर्ष जास्त लागलं तो मतिमंद नव्हे, हे सांगायला कुणा शिक्षणतज्ज्ञाची गरज नाही. सीमाभागातल्या कुठल्याही घरात विचारा, सरकारी अर्ज एका भाषेत, शाळा दुसऱ्या भाषेत आणि बाजार तिसऱ्या भाषेत निभावून नेणारी माणसं आहोत आम्ही. वेळ लागतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. या पोराला त्या शाळेनं नापास केलं नव्हतं. तेव्हा आठवीला नापास करताच येत नव्हतं. तरी तो माझ्याकडं आला कसा? वडिलांना बोलावून सांगितलं गेलं की नववीत हा नक्की नापास होणार, दोनदा होईल, मग वय वाढेल आणि कुठंच प्रवेश मिळणार नाही. त्यापेक्षा आत्ता आठवी पास आहे तोवर दाखला न्या, गावच्या हायस्कुलात सरळ नववीत बसवा, तुमच्याच भल्याचं सांगतोय. वडिलांनी हात जोडले आणि अर्जावर सही केली. अर्ज आधीच लिहून ठेवलेला होता. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण असतं, त्या रकान्यात लिहिलंय : पालकांच्या विनंतीवरून.

तो दाखला माझ्या हातात आला तेव्हा मी तो रकाना दोनदा वाचला. कागदावर बघाल तर त्या शाळेत काहीही वावगं घडलेलं नाही. कुणी नापास नाही, कुणाला काढलेलं नाही. एका हमाल बापाला वाटलं आपलं पोर घरी आणावं, म्हणून आणलं.

म्हणून नापास करायचं की वर ढकलायचं, हा वाद मला अपुरा वाटतो. निवडक शाळांकडं पहिल्यापासून तिसरा रस्ता आहे, आणि तो दाखल्याचा आहे. आठवीत नापास करायची मुभा मिळाली म्हणून तो रस्ता बंद होणार नाही. उलट आता बापाला सांगायला आणखी एक धमकी मिळाली. ‘इथं ठेवलात तर त्याच वर्गात बसेल, दाखला नेलात तर पास म्हणून देतो.’ असं एकदा म्हटलं की कुठला पालक पोराचं एक वर्ष घालवायला तयार होईल? कायदा सांगतो की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०२४ च्या नियमातही ते पुन्हा लिहिलंय. पण स्वखुशीच्या अर्जापुढं ते कलम काय करणार? आणि आठवी ओलांडली की ते कवचही जातं. नववी ही बऱ्याच शाळांची गाळणी आहे, कारण पुढं दहावी आहे आणि दहावीचा निकाल फलकावर लिहायचा असतो.

निवडक शाळेत ही गळती दिसत का नाही, त्याला आणखी एक कारण आहे. नवोदयमध्ये नववीला आणि अकरावीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा निवड परीक्षा होते. गेलेल्या पोराच्या जागी दुसरं निवडलेलं पोर येऊन बसतं. पट तेवढाच राहतो. दहावीला बसलेल्यांपैकी शंभर टक्के पास, हे वाक्य खरंच असतं. फक्त सहावीत जे ८० आत गेले त्यातले किती जण त्या शंभर टक्क्यांत आहेत, हे त्या वाक्यात नसतं.

माझं मागणं एवढंच आहे की निवडक शाळेचा निकाल सहावीच्या पटावर मोजा. जून महिन्यात सहावीच्या हजेरीत जी नावं लिहिली, त्यातली किती नावं पाच वर्षांनी त्याच शाळेतून दहावी पास झाली? जी नाहीत ती कुठं गेली? आई-वडिलांची बदली झाली असेल, आजारपण असेल, घरची ओढ सोसली नसेल, सगळं लिहा. पण लिहा. हा आकडा दरवर्षी शाळेच्या फलकावर लावा, विभागीय कार्यालयाला कळवा, वेबसाइटवर टाका. माझी खात्री आहे की हा आकडा जाहीर व्हायला लागला की कच्च्या पोराला दाखला देण्यापेक्षा शिकवणं शाळेला परवडायला लागेल. आज परवडत नाही. आज मुख्याध्यापकांचं कौतुक होतं ते बारावीतून किती जण आयआयटीला आणि मेडिकलला गेले यावर. त्या शिक्षकांनाही मी दोष देत नाही, रात्री अकरापर्यंत वसतिगृहात फेऱ्या मारणारी माणसं आहेत ती. त्यांच्याकडून जे मोजून घेतलं जातं तेच ती देतात.

नापास करण्याबद्दल बाहेरचा अनुभव काय सांगतो तेही बघायला हवं. अमेरिकेत शिकागो शहरातल्या सरकारी शाळांनी १९९६ मध्ये जवळजवळ हाच नियम आणला होता. तिसरी, सहावी आणि आठवीला परीक्षा; नापास झाला तर उन्हाळ्यात जादा वर्ग; पुन्हा परीक्षा; तरीही नापास तर त्याच वर्गात. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा पुढं माग काढला. लहान मुलांना उन्हाळी वर्ग आणि मागं ठेवणं या दोन्हींचा मिळून काहीसा फायदा झाला. सहावीत मागं ठेवलेल्यांच्या शालेय शिक्षण पुरं करण्यावर फारसा परिणाम झाला नाही. आठवीत मागं ठेवलेल्यांनी मात्र शाळा जास्त सोडली. शिकागो कुठं आणि निपाणी कुठं, हे मला कळतं. पण तेरा-चौदा वर्षांचं पोर सगळीकडं तेरा-चौदा वर्षांचंच असतं. त्याला मित्रांपासून तोडलं तर ते पुस्तकापासून आधी तुटतं.

वसतिगृहात तर हे जास्तच बोचतं. नवोदयमध्ये मुलं चार हाउसमध्ये वाटलेली असतात : अरवली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. देशातल्या कुठल्याही नवोदयात जा, नावं हीच. सहावी ते आठवी ज्युनिअर, नववीपासून सिनिअर. शेजारच्या खाटेवर तीन वर्षं झोपलेला मित्र सिनिअरमध्ये जाणार, नववीतली काही मुलं वर्षभरासाठी हिंदी भागातल्या नवोदयात राहायला जाणार, तिकडची मुलं इकडं येणार. आणि हा मात्र ज्युनिअरमध्येच, आपल्याहून लहान पोरांच्या रांगेत ताट घेऊन उभा. गावच्या शाळेत नापास झालेलं पोर संध्याकाळी घरी जातं, म्हशी सोडतं, क्रिकेट खेळतं, आईच्या शेजारी बसून जेवतं. निवासी शाळेतल्या पोराला संध्याकाळ नसते. त्याचं नापास होणं चोवीस तासांचं असतं.

नियमातल्या त्या दोन महिन्यांचंही बघा. कागदावर ते चांगले आहेत. मुलाची कुठं गाडी अडलीय ते शोधा, वर्गशिक्षकानं मुलाला आणि पालकांना मार्गदर्शन करावं, मुख्याध्यापकानं अशा मुलांची यादी ठेवून स्वतः लक्ष घालावं, परीक्षा घोकंपट्टीची नको, समज तपासणारी हवी. एकेक शब्द सोन्याचा. पण निकाल लागतो एप्रिलच्या सुमाराला, आणि मग उन्हाळी सुट्टी. नवोदयची मुलं मे-जून घरी असतात. म्हणजे ज्या दोन महिन्यांत सगळ्यांत जास्त शिकवायचं, त्याच दोन महिन्यांत पोर गावात, पत्र्याच्या घरात, आई सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेली, दिवसाला ठरलेला आकडा पुरा करायचा म्हणून मान वर न करणारी. तिला वर्गशिक्षक फोनवर काय मार्गदर्शन करणार? शिकवणी लावायला पैसे असते तर हा प्रश्नच आला नसता. जादा वर्ग घ्यायचे असतील तर त्या मुलांना सुट्टीत शाळेतच ठेवावं लागेल, मेस चालू ठेवावी लागेल, शिक्षकांना त्याचा मोबदला द्यावा लागेल. आणि खरं सांगायचं तर आठवीच्या एप्रिलमध्ये जाग येणं म्हणजे फार उशीर झाला. माझ्या त्या टाकीवाल्या पोराचा दोष सहावीच्या सहामाहीत दिसायला हवा होता. सहामाहीत दिसला असता, तर दिवसाची अर्धी तासिका आणि दोन महिने, याहून जास्त काही लागलं नसतं.

आमच्याच राज्यानं दहावीसाठी चांगलं पाऊल उचललंय, ते इथं सांगायला हवं. २०२४ पासून एसएसएलसीच्या, म्हणजे आमच्या दहावी बोर्डाच्या, वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा होतात. पहिलीत अडकला तर काही आठवड्यांत दुसरी, आणि मिळालेल्या गुणांतले चांगले तेच धरतात. पोराचं वर्ष जात नाही. आमच्या शाळेतली काही मुलं दुसऱ्या परीक्षेत गणित सोडवून त्याच जूनमध्ये पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गेली. जे सोळा वर्षांच्या मुलाला देता येतं ते तेरा वर्षांच्याला का नको? सगळ्या विषयांत मागं ठेवायचं कशाला? गणित अडलंय ना, तर नववीत जाऊ द्या आणि आठवीचं गणित पुरं होईपर्यंत रोज एक तास वेगळा बसवा. नवोदयमध्ये सगळी मुलं आवारातच राहतात. संध्याकाळचा अभ्यास ठरलेला असतो. हे करायला त्यांच्याइतकी सोय फार थोड्या सरकारी शाळांकडं असेल.

माझ्या विरोधातला एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, आणि तो मांडला एका आईनं. तिचा मुलगा अशाच एका शाळेत आठवीत दोन विषयांत अडकला. शाळेनं तिला तेच दोन पर्याय दिले. ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, “बाई, येक वरीस गेलं तर जाऊ दे. पन त्येला तिथंच ठिवा म्हणून सांगा की. हितं आला तर काय हाय? बा पिऊन येतोय. तिथं येळंला जेवतंय तरी पोरगं.”

तिच्यासमोर मी शिकागोचा अभ्यास काय सांगू? दाखला आणि नापास यातलंच एक घ्यायचं असेल, तर तिचं बरोबर आहे. घरी आणण्यापेक्षा एक वर्ष मागं पडून का होईना, पोर तिथं राहिलेलं बरं. काही घरं अशी असतात. तिच्या मुलाला मी समोर बसवून विचारलं, तेव्हा तोही म्हणाला, “मला तिथंच ऱ्हायचंय.” आई आणि पोर दोघांनी विचार करून मागितलेलं वर्ष, आणि शाळेनं लादलेलं वर्ष, यांत मी फरक करते. पण हे दोनच पर्याय तिच्यापुढं का यावेत, हे मात्र मी शाळेला विचारणारच.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून एक पत्र लिहिलं. तिनं सांगितलं, मी लिहिलं. दाखल्यासाठी मी अर्ज करणार नाही, ही पहिली ओळ. माझ्या मुलाला दोन्ही विषयांत नेमकं काय येत नाही ते लेखी कळवावं. नियमाप्रमाणं फेरपरीक्षेच्या आधी त्याला कोण शिकवणार, कुठं, कोणत्या तारखांना, तेही कळवावं. त्याचं नाव मुख्याध्यापकांनी ठेवायच्या यादीत आहे का, ते सांगावं. आणि त्याच्याबरोबर सहावीत दाखल झालेल्या मुलांपैकी आज किती जण शाळेत आहेत, हेही. शेवटचा प्रश्न माझा होता. तिनं तो दोनदा वाचून घेतला आणि “ऱ्हाऊ दे, इचारूया की,” म्हणाली. सही करायला तिला वेळ लागला, पण अंगठा देणार नाही म्हणाली.

पत्र पोस्टानं गेलंय. मुलगा सध्या सकाळी नऊ ते अकरा माझ्याकडं येतो, पहिल्यांदा अपूर्णांक घेतलेत. उत्तर आलं की त्याची एक झेरॉक्स मला आणून द्यायला तिला सांगितलंय. तोंडी उत्तर दिलं तर ते घेऊ नकोस, लिहून मागायचं, हेही सांगितलंय. गेल्या आठवड्यात संकेश्वरकडच्या एका पालकांचा फोन आला, त्यांनाही शाळेनं बोलावलंय. पत्राचा मसुदा मी त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे. आणखी कुणाला हवा असेल तर मागा.